अधिक माहिती, ऐच्छिक

श्यामलाबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा मुलीकडे वळवला आणि पेनाच्या टोपणाने त्यावरच्या रिकाम्या चौकटीभोवती एक फेरी मारली.

"ही का रिकामी?"

मुक्ताई इंगोले जरा पुढे वाकली. चौकट बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ऐच्छिक आहे मॅडम. नाही भरली तरी चालतं."

"ज्यांचं चालण्यासारखं आहे त्यांचं चालतं." बाईंनी चष्मा वर सरकवला. "दहावीला त्र्याण्णव टक्के. बारावीच्या सहामाहीला शहाऐंशी. आणि मधे अकरावीला चौपन्न. फॉर्म वाचणारा माणूस पहिलं हेच विचारणार. त्या वेळी तू त्याच्यासमोर नसणार. म्हणून ही चौकट दिलेली असते."

मुक्ताईने मान हलवली, पण ती हो अशीही नव्हती आणि नाही अशीही.

जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता. शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात जीवशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि त्यात वीस मुलांना फी पूर्ण माफ. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार. श्यामला आगाशे या कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, आणि गेली सहा वर्षं प्रवेशाचे फॉर्म भरणाऱ्या मुलांना सल्ला द्यायचं कामही त्यांच्याकडे होतं. जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. 'अधिक माहिती' या चौकटीत मुलं काय काय लिहितात ते त्यांना आता पाठ झालं होतं. डेंगी, आजोबांचं आजारपण, घर बदलणं. ज्यांच्या आयुष्यात काहीच घडलेलं नसे ती मुलं येऊन म्हणत, मॅडम, काहीतरी सुचवा ना. मागच्या वर्षी एकाने आपल्या कुत्र्याच्या मृत्यूवर असं काही सफाईदार इंग्रजी लिहून आणलं होतं, की बाईंना कुत्रा मुळात होता का अशीच शंका आली होती.

"आजारी होतीस?"

"नाही."

"घरी काही झालं होतं? संकोच करू नकोस. हे बाहेर जात नाही."

मुक्ताईने निळी ओढणी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"वडील काय करतात तुझे?"

"काचा पुसतात. हिंजवडीला, कंपन्यांच्या बिल्डिंगच्या. बाहेरून. दोरावरून."

"बरं. आणि मागच्या वर्षी त्यांना काही..."

"माश्या चावल्या होत्या," मुक्ताई म्हणाली. "आग्या मोहोळाच्या. नवव्या मजल्यावर दोरावर होते. भीमरावकाकांनी खाली सोडलं म्हणून वाचले. नऊ दिवस दवाखान्यात होते."

श्यामलाबाई खुर्चीत मागे टेकल्या. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली. पण शुक्रवारला चारच दिवस उरले होते.

"अगं मग हेच लिहायचं! इतका वेळ काय..."

"पण मार्क त्यामुळे नाही गेले मॅडम. नऊच दिवस होते ते. त्या वेळी मी अभ्यास केला होता, दवाखान्यात बसून."

"मग कशाने गेले?"

"मी कॉलेजला येत नव्हते. नोव्हेंबर ते मार्च."

"कुठे जात होतीस?"

"पार्किंगच्या गच्चीवर."

मुक्ताईने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर काळपट, ओलसर दिसणारं काहीतरी लोंबत होतं. बाईंना आधी ती ताडपत्री वाटली. मग त्या काळ्या रंगावरून एक चमक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेली, आणि व्हिडिओ संपला.

"असे तीनशे चाळीस आहेत," मुक्ताई म्हणाली.

मग तिने सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्याने. वडील दवाखान्यातून आले आणि आठ दिवसांनी पुन्हा दोरावर चढले. दुसरं काम नव्हतं. कंपनीने ते मोहोळ दोनदा काढलं होतं आणि माश्या दोन्ही वेळा त्याच जागी परत आल्या होत्या, त्यामुळे आता राहू द्या असं ठरलं होतं. काचा मात्र पुसायच्याच होत्या. अकराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली ते मोहोळ होतं, आजूबाजूला आणखी दोन लहान. वर गच्चीत दोर धरून बसलेल्या भीमरावांना ते दिसत नसे, आणि दोरावरच्या माणसाला दिसेपर्यंत फार जवळ गेलेलं असे. समोरच्या पार्किंगच्या सहाव्या मजल्यावरून मात्र ते नीट दिसत होतं. मुक्ताई तिथे उभी राहू लागली. पहिले काही दिवस नुसतीच भीतीने. मग तिच्या लक्षात आलं, की माश्या उठायच्या आधी काहीतरी सांगतात. मोहोळावरून चमकत्या लाटा सरकत जातात; त्या कुठून सुरू होतात, किती वेळाने येतात, कधी विरतात, हे ती बघू लागली. धोका दिसला की भीमरावांना फोन करायचा, एक रिंग द्यायची. ते दोर थांबवत. पाच महिन्यांत दोरावरच्या चार माणसांपैकी एकालाही माशी चावली नाही.

"हे तू सांगितलंस कुणाला? शिक्षकांना?"

"नाही."

"मग लिही ना हे! चौकटीत दुसरं काय लिहायचं असतं?"

"फॉर्मवर बाबांची सही लागते मॅडम. ते सगळं वाचून घेतल्याशिवाय सही करत नाहीत." मुक्ताईने ओढणी सोडली. "त्यांना माहीत नाही. ते धरून चालले होते की मी रोज कॉलेजला येते. दोन बस बदलून. पास काढून दिला होता त्यांनी."

*

त्या दुपारी श्यामलाबाईंनी स्वतः मजकूर लिहून काढला. वडिलांचा अपघात, दवाखाना, घरातलं दडपण, त्यातून घसरलेले गुण आणि पुन्हा घेतलेली उभारी. दोनशे नव्वद शब्द. एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी कागद मुक्ताईच्या हातात दिला.

मुक्ताईने तो उभ्याउभ्या वाचला. "छान आहे मॅडम," ती म्हणाली आणि कुणाचं तरी खाली पडलेलं पाकीट परत करावं तसा कागद त्यांच्याकडे दिला.

"काय खटकलं?"

"यात मी फक्त रडतेय."

श्यामलाबाईंना राग आला. तो नेहमीसारखा थंड आणि नीट वाक्यरचनेत आला. "हे बघ. या फॉर्मवर शिफारस म्हणून माझीही सही असते. दवाखान्याचे कागद मी बघू शकते. मधमाश्या एका मुलीला आगाऊ सूचना देतात, यावर मी कशाच्या आधारावर सही करायची? न पाहिलेल्या गोष्टीखाली मी सही करत नाही. अठ्ठावीस वर्षांत केलेली नाही."

"मग बघायला या ना," मुक्ताई म्हणाली.

ती उद्धटपणे म्हणाली नव्हती. एखाद्याला घरी चहाला बोलवावं तशी म्हणाली होती. त्यामुळे बाईंना नाही म्हणता आलं नाही.

*

बुधवारी सकाळी श्यामलाबाई शनिवार पेठेतल्या घरातून सहा वाजता निघाल्या आणि मनपाच्या थांब्यावरून हिंजवडीची बस पकडली. शाल लपेटून खिडकीशी बसल्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं आजूबाजूला झोपली होती. आपण हे काय करायला निघालो आहोत असं त्यांनी वाटेत वाकड येईपर्यंत दोनदा स्वतःला विचारलं.

मुक्ताई फाटकाशी उभी होती. "बाबांना एवढंच सांगितलंय की मॅडमना काम बघायचंय," ती म्हणाली. दोघी लिफ्टने पार्किंगच्या सहाव्या मजल्यावर गेल्या. तो मजला वरून उघडा होता. इतक्या सकाळी तिथे एकही गाडी नव्हती. कठड्याशी पन्नाशीचा एक रुंद माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा होता. हेच भीमराव. मूळचे इथल्याच गावातले. यंदा त्यांनी दोर धरायला वर दुसरा माणूस ठेवला होता आणि मुक्ताई बारावीत म्हणून तिची जागा स्वतः घेतली होती.

"हिनंच शिकवलं मला," ते श्यामलाबाईंना म्हणाले. "पर मला अजून निम्मंच कळतंय. आज ही हाय तर हिलाच बघू द्या."

"आणि हिच्या वडिलांना हे तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत?"

भीमराव खाली रस्त्याकडे बघू लागले. "तिनं शपथ घातली हुती मॅडम."

समोर चौदा मजल्यांची निळसर काचेची इमारत होती. सूर्य नुकताच तिच्या वरच्या मजल्यांवर आला होता. मुक्ताईने बोट दाखवलं त्या दिशेला श्यामलाबाईंनी पाहिलं. अकराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली तीन काळे अर्धगोल लोंबत होते. मधला सगळ्यांत मोठा, एखाद्या माणसाने दोन्ही हात पसरावे तेवढा रुंद.

"ते पोळं नाही दिसत तुम्हाला," मुक्ताई म्हणाली. "पोळं आत आहे. त्याच्यावर माश्याच माश्या बसल्यात, एकमेकींना धरून. तीन-चार थर. तो पडदा आहे त्यांचा."

"हलत तर नाहीत."

"थांबा."

त्या थांबल्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. आणि मग कुठूनतरी एक गांधीलमाशी आली. ती बाईंना दिसलीच नाही, मुक्ताईने नुसतं "आली" म्हटलं. त्या मोठ्या काळ्या पडद्यावर मधोमध एक ठिणगी पडल्यासारखं झालं आणि तिथून एक रुपेरी कडं पसरत पसरत थेट काठापर्यंत गेलं. ते संपायच्या आत दुसरं उठलं. मग तिसरं. तळ्यात खडे पडत राहावेत तसं. फक्त हे तळं उभं होतं, आभाळात टांगलेलं होतं आणि जिवंत होतं.

श्यामलाबाईंनी कठडा धरला.

"एकेक माशी पोट वर उचलते," मुक्ताई हळू आवाजात म्हणाली. "शेजारचीने उचललं की ही उचलते. हजारो आहेत, पण पूर्ण लाट अर्ध्या सेकंदात जाते. गांधीलमाशीला कळत नाही कुणाला धरायचं. बघा, गेली."

"हुकूम कोण देतं त्यांना?"

"कुणीच नाही. पण सुरुवात कुठूनही होत नाही मॅडम. मला वाटायचं कुठूनही होते. व्हिडिओ हळू करून बघितले तेव्हा कळलं. पाच-सहा जागा आहेत. रोज त्याच. तिथल्या माश्या जणू राखणीला बसतात. हे कुणी आधी शोधलंय का ते मला माहीत नाही. शोधलं असेल. मला फक्त ते शिकायचंय."

वर गच्चीच्या काठावर तीन माणसं आली. तांबड्या टोप्या, कमरेला पट्टे, पट्ट्याला लटकणाऱ्या बादल्या. डावीकडचा माणूस काठावर बसला, मागे वळला आणि पाय सोडून दिले.

"बाबा," मुक्ताई म्हणाली.

आता ती भीमरावांच्या शेजारी गेली. तिचा चेहरा बदलला. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, नाव पुकारलं तरी दचकणारी मुलगी ती हीच का, असं बाईंना वाटलं. नागोराव इंगोले काच पुसत एकेक मजला उतरत होते. पाण्याचा एक फटका, मग रबराची पट्टी वरून खाली, मग फडकं. बाराव्या मजल्यापर्यंत ते आले तेव्हा पडद्यावर एक लाट उठली. मग जरा वेळाने दुसरी.

"चालू द्या," मुक्ताई म्हणाली.

"चालू दे रं," भीमराव वॉकीटॉकीत म्हणाले.

दोर आणखी हातभर सुटला. लाटा दाट झाल्या. आता त्या एकीमागून एक नव्हत्या. दोन ठिकाणांहून एकदम निघत होत्या आणि मधे एकमेकींवर आदळत होत्या. मोहोळाच्या खालच्या टोकाची कड सैल झाली आणि तिथे माश्यांची एक झालर लोंबू लागली.

"थांबवा."

"थांब!"

दोर थांबला. अकराव्या मजल्यावर, मोहोळापासून दोन खिडक्या अंतरावर, तो माणूस लटकत राहिला. हात काचेवर, फडकं हाताखाली दाबलेलं. बोटही हलत नव्हतं. खाली शंभर-सव्वाशे फूट मोकळी हवा. मुक्ताई मोहोळाकडे अशी बघत होती जशी आई तापातल्या मुलाच्या छातीकडे बघते. एक मिनिट गेलं. दोन गेली. झालर तशीच होती. बाईंच्या लक्षात आलं, की आपली पर्स केव्हाच खाली पडली आहे आणि आपण ती उचललेली नाही. चौथ्या मिनिटाला लाटा एका जागेवर आल्या. मग विरळ झाल्या. झालरीतल्या माश्या एकेक करून वर चढून पडद्यात शिरल्या, आणि कुणीतरी हाताने सारखी करावी तशी खालची कड पुन्हा गोल झाली.

"आता दोन हात. हळू."

"दोन हात. हळू घे."

नागोराव मोहोळाच्या बाजूने खाली उतरले. माश्यांनी त्यांना जाऊ दिलं.

श्यामलाबाईंनी पर्स उचलली. 'अद्भुत' हा शब्द त्यांनी मुलांच्या अनुवादांतून शेकडो वेळा खोडला होता. समासात लिहीत, 'नेमकं सांगा.' आता त्या नेमकं काय ते शोधत होत्या आणि त्यांना काही सापडत नव्हतं. पाच महिने ही मुलगी इथे उभी होती. तेव्हा त्या वर्गात हजेरी घेत होत्या आणि तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत होत्या.

"भीमराव," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला हिच्या वडिलांशी बोलायचंय. इकडे बोलवाल का त्यांना?"

मुक्ताईने वळून पाहिलं.

"तू सांगणार आहेस," बाई म्हणाल्या. "मी नाही. पण सांगायला हवंस. ते पाच महिने त्यांचेही होते."

*

दहाच्या सुट्टीत नागोराव आले. लहानखुरे, काटक, गालावर आणि मानेवर जुने काळे ठिपके. टोपी काढून त्यांनी हात पँटला पुसले आणि नमस्कार केला. भीमरावांनी खालून चहा मागवला होता.

"बसा ना मॅडम. इथं बसाले काही नाही पण," ते वऱ्हाडी वळणाने म्हणाले आणि स्वतःची सॅक उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. "पोरगीचं काही चुकलं का जी?"

"नाही. तिला तुम्हाला काही वाचून दाखवायचंय. फॉर्ममधलं."

मुक्ताईने मजकूर पहाटे उठून फोनवर लिहिला होता, इंग्रजीत. आता ती तो मनातल्या मनात मराठी करत वाचू लागली. त्यामुळे ती मधे मधे अडत होती.

"अकरावीत माझे गुण कमी झाले, कारण मी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कॉलेजला गेले नाही. मी घरी तसं सांगितलं नव्हतं. माझे वडील जिथे काम करतात तिथे आग्या माश्यांची तीन मोहोळं आहेत. त्यांना एकदा माश्या चावल्या. पुन्हा चावू नयेत म्हणून मी माश्यांकडे बघायला लागले. आधी मी वडिलांसाठी बघत होते. नंतर," इथे ती बराच वेळ थांबली, "नंतर मी माश्यांसाठीच बघत होते. मला ते सोडवेना. म्हणून गुण कमी झाले याचा दोष मी दुसऱ्या कशालाही देत नाही. मी काय पाहिलं ते खाली लिहिते."

खाली तिने पाच गोष्टी लिहिल्या होत्या. त्याही वाचल्या. एकेक वाक्याच्या.

नागोराव उकिडवे बसून ऐकत होते. चहाचा कागदी कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, पण प्याले नव्हते. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. ते समोरच्या इमारतीकडे बघत होते. मुक्ताईचं वाचून झालं तरी ते तसेच बसून राहिले. चहावर साय धरली.

"बाबा, मी खोटं..."

त्यांनी हात जरासा वर केला. ती थांबली.

"मॅडम, सही कुठं करू?" त्यांनी विचारलं.

श्यामलाबाईंनी पर्समधून पालकांच्या संमतीचा आणि शिफारशीचा कागद काढला आणि पेन दिलं. नागोराव कठड्याकडे गेले. कागद कठड्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर कोपर दाबलं. सही करायला लागतो त्यापेक्षा त्यांना पुष्कळ जास्त वेळ लागला. ते लिहीत होते, थांबत होते, पुन्हा लिहीत होते. ठरलेल्या जागेबाहेर काही लिहू नये अशी सूचना त्या कागदाच्या तळाशी होती. बाईंना ती माहीत होती. त्यांनी ते लिहू दिलं.

लिहून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि मुलीला न देता बाईंच्या हातात दिली.

"काचेचे तीन पट्टे राहिले अजून," ते म्हणाले. "ऊन वर आलं का काच लवकर वाळते, डाग राहते." टोपी घातली. जाताना मुक्ताईजवळून गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्याकडे उचलला गेला, पण ओला होता म्हणून बहुधा, तो तिथपर्यंत गेला नाही.

लिफ्टचं दार लागलं. श्यामलाबाईंनी घडी उघडली. सहीच्या वर, समासापासून समासापर्यंत, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेलं होतं.

'हे सर्व खरं आहे. काच पुसली की मागचं सगळं दिसते. मी तिला पहिल्या दिवसापासून पाहत होतो. कॉलेजला जा म्हणून सांगायचं रोज ठरवलं. पण ती काचेत दिसल्याशिवाय माझा पाय खाली सुटत नव्हता, म्हणून सांगितलं नाही. मार्क माझ्यामुळे गेले आहेत. तिच्यामुळे नाही. नागोराव किसन इंगोले.'

श्यामलाबाईंनी ते एकदाच वाचलं. मग पेनाचं टोपण काढलं, कागद कठड्यावर ठेवला आणि शिफारस करणाऱ्याच्या जागी सही केली. तारीख घातली. आणि कागद मुक्ताईला दिला.

मुक्ताई वाचत असताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वाचायला तिला किती वेळ लागला ते त्यांना कळलं नाही. कागद परत हातात आला तेव्हा त्याचा कोपरा दमट झाला होता.

समोर गच्चीच्या काठावर नागोराव पुन्हा बसले, वळले आणि पाय सोडले. दोर ताणला गेला. वरच्या मजल्याच्या काचेला त्यांनी पाणी मारलं, पट्टी ओढली, फडक्याने कोपरा पुसला. पुढच्या मजल्यावर उतरायचं होतं. ते उतरले नाहीत. पाठ इकडे करून, काचेला तोंड करून ते तसेच लटकत राहिले.

"का थांबला ह्यो?" भीमराव म्हणाले. "माश्या तर शांत हायेत."

मुक्ताई कठड्याच्या अगदी जवळ गेली. उजवा हात तिने सरळ वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

दोर खाली सुटू लागला.